लखनादौनच्या पुढचा हत्ती

मी आठ वर्षांचा होतो तेव्हा आमच्या दिगूकाकांना सांगितलं की, जबलपूर-नागपूर रस्त्यावर लखनादौनच्या पुढे डाव्या हाताला दगडाचा एक पांढरा हत्ती उभा आहे. तिथे हत्ती नव्हता. काकांना डोळ्यांनी दिसत नसे, त्यामुळे त्यांना पडताळून पाहता येत नव्हतं. आणि मला अक्कल नव्हती, त्यामुळे मलाही तो विषय सोडून देता आला नाही. पुढची बेचाळीस वर्षं मी तो हत्ती पोसला. चारा घालावा लागला नाही एवढंच, नाहीतर खऱ्या हत्तीनं याहून जास्त दमवलं नसतं.

दीड महिन्यापूर्वी सकाळी मी नागपुरात दाढी करत होतो आणि जबलपूरहून काकूचा फोन आला. "मुन्ना, तुझे काका गेले रे... झोपेतच गेले." पन्नाशी गाठलेल्या माणसाला मुन्ना म्हणणारी दोनच माणसं जगात उरली होती, त्यातलं एक गेलं. अर्ध्या गालावर साबण तसाच ठेवून मी पलंगावर बसलो आणि, लिहायला लाज वाटते पण आता लपवून काय करायचं, मनात पहिला आला तो हत्ती. सांगायचं राहून गेलं. गेल्या दिवाळीत सांगणार होतो, त्याच्या आधीच्या उन्हाळ्यातही सांगणार होतो... न दिसणाऱ्या माणसाला फसवलं, आणि फसलेलं तसंच जाऊ दिलं.

दिगूकाका म्हणजे बाबांचे धाकटे भाऊ. अकरावीत असताना एका आजारपणात त्यांचे डोळे गेले. पुढे जबलपूरच्या एका सरकारी ऑफिसात टेलिफोन ऑपरेटर म्हणून लागले आणि तिथूनच निवृत्त झाले. एकदा ऐकलेला नंबर आणि एकदा ऐकलेला आवाज ते विसरत नसत. साहेब शेजारच्या खोलीत भजी खात असताना "साहब तो दौरे पर हैं जी, बड़े परेशान हैं" हे इतक्या कळवळ्यानं सांगत की फोन करणाऱ्यालाच साहेबांची काळजी वाटावी. "मी सरकारचा पगारी खोटारडा आहे," असं आम्हा पोरांना अभिमानानं सांगायचे. डोळे गेलेली माणसं शांत, सोशिक, अंतर्ज्ञानी वगैरे असतात असा कोणाचा समज असेल तर त्यानं काकांशी एकदा रमी खेळायला हवी होती. पत्त्यांना नखानं खुणा करून ठेवत आणि आम्हाला धुऊन काढत. भांग वाकडा झालाय असा हाताला संशय आला की काकूवर चिडत. जबलपूरच्या गोरखपूर मोहल्ल्यात, आमच्या शेजारीच असलेल्या त्यांच्या घरी फोन वाजला की ऑफिसातल्यासारखे ताठ बसून बोलत, आणि बोलताना डाव्या हातात कसलासा दगड घोळवत राहत. तो दगड एरवी टेलिफोनशेजारी, बिलांच्या कागदांवर ठेवलेला असे.

वर्षातून दोनदा, उन्हाळ्यात आणि दिवाळीनंतर, बाबांच्या जुन्या फियाटमधून आम्ही सगळे जबलपूरहून नागपूरला आत्याकडे जात असू. बाबा गाडी चालवणार, काका त्यांच्या शेजारी, मागे आई, काकू, ताई आणि मी. सातआठ तासांचा रस्ता. डोळे जाण्यापूर्वी काकांनी तो रस्ता ट्रकच्या केबिनमध्ये बसून पुष्कळदा पाहिला होता आणि तो अजून तसाच आहे की नाही, याची त्यांना सारखी चौकशी हवी असे. म्हणून त्यांनी एक पद्धत पाडली होती : वर्दी, म्हणजे बाहेर काय दिसतंय त्याची खबर. जबलपूर ते लखनादौन त्यांचं स्वतःचं. टायरांचा आवाज पोकळ झाला की म्हणत, "तिलवारा. नर्मदा मैया." धूम्याच्या चढावर इंजिन कण्हलं की, "धूमा." तिथपर्यंत त्यांना कोणाची गरज नव्हती. लखनादौन ते सिवनी वर्दी माझी. सिवनीपासून कुरईचा घाट उतरून खवासापर्यंत ताईची. महाराष्ट्र लागला की आईची, कारण तिथून तिचं मळमळणं थांबत असे.

या वाटणीत माझ्यावर अन्याय झाला होता, हे नीट समजून घ्या. ताईच्या वाट्याला घाट. सागाचं जंगल, वळणावळणावर वानरं, दरीत कलंडलेला ट्रक, एकदा तर चक्क नीलगाय. माझ्या वाट्याला शेतं. शेतं संपली की आणखी शेतं. मी पुढच्या सीटच्या मधे डोकं घालून उभा राही आणि सांगे, "झाड."

"कोणतं?"

"हिरवं."

"शाबास. बाकीची निळी असतात नाही का."

किंवा, "पूल आला," असं मी म्हणे, तर लगेच, "आला म्हणजे? पूल काय चालत आला काय बे? पाणी किती आहे? कोणी धुणं धुऊन राहिलं का?" तोवर वैनगंगेचा पूल मागे पडलेला असे आणि मी काही पाहिलेलंच नसे. मग सिवनीला गाडी थांबे, दिवाळीच्या खेपेला सीताफळांसाठी. तिथून ताई गळा साफ करून सुरुवात करी आणि काका मांडीवर थाप मारत, "वा! याला म्हणतात वर्दी."

त्या दिवाळीत मी ठरवूनच बसलो होतो. लखनादौनला चहा झाला, गाडी निघाली, ताई झोपली, आणि मी ओरडलो, "काका, हत्ती!"

"जिवंत?"

"नाही, दगडाचा. पांढरा."

"केवढा?"

"आपल्या गाडीएवढा."

"सोंड वर की खाली?"

हा प्रश्न येईल असं मला वाटलं नव्हतं. पण आश्चर्य म्हणजे उत्तर आपोआप आलं. मला तो हत्ती खरोखर दिसायला लागला होता. "खाली. उजव्या पायाला चिकटलेली आहे."

"अन् कान?"

"डावा फुटलाय."

"पाठीवर काही?"

"झूल आहे. झुलीवर फूल कोरलंय. चार पाकळ्यांचं."

बाबांनी आरशातून माझ्याकडे पाहिलं. ते काहीतरी बोलणार होते, पण काकांचा हात त्यांच्या गुडघ्यावर होता, आणि का कोण जाणे, ते नुसते खाकरले. काकांनी डाव्या हाताची बोटं एकमेकांवर घोळवली. मग म्हणाले, "अच्छा," आणि मांडीवर थाप मारली. "याला म्हणतात वर्दी!"

एवढ्यावर गोष्ट संपायला हवी होती. पण उन्हाळ्यात पुन्हा निघालो, लखनादौनच्या पुढे आलो, आणि काका म्हणाले, "मुन्ना, हत्ती आला का रे?" ...आणला. काय करता? त्यानंतर प्रत्येक खेपेला तो आणावा लागला, आणि दर खेपेला काकांना नवी खबर हवी असे. पावसानं त्याच्यावर शेवाळ चढवलं. कोणीतरी त्याच्या पायाला बकरी बांधली. एका होळीनंतर तो गुलाबी झाला. एकदा माझ्या तोंडून चुकून उजवा कान फुटल्याचं गेलं. काका तत्काळ म्हणाले, "मागच्या बारीला डावा होता ना?" मी म्हटलं, "आता उजवापण फुटला." "अरे रे," काका हळहळले, "काय पोरं आहेत या गावचे." तेव्हापासून मी गणिताच्या वहीच्या शेवटच्या पानावर हत्तीची नोंद ठेवू लागलो. गणित कच्चं राहिलं, हत्ती मात्र पक्का झाला. ताईनं ते पान पाहिलं आणि तिला सगळं कळलं. ती ओरडली नाही, आईला सांगितलं नाही. लग्न होऊन सासरी जाईपर्यंत खिडकीची जागा तेवढी घेतली.

आणि मग मिश्राजींचं प्रकरण. एका उन्हाळ्यात काका म्हणाले, "आमच्या ऑफिसातले मिश्राजी मागच्या महिन्यात नागपूरले गेले होते. मी सांगितलं त्यांना, मुलाबाळांना हत्ती दाखवा म्हणून."

"मग?"

"नाही दिसला म्हणे. गाडी थांबवली, अर्धा तास शोधला."

"त्यांनी उजवीकडे पाहिलं असेल."

"दोन्हीकडे पाहिलं म्हणे बाप्पा."

"मग... मका वाढला असेल."

"मे महिन्यात?"

मी पुढच्या सीटची शिवण नखानं उसवू लागलो. शेवटी काकाच म्हणाले, "हाव, एखाद्यानं पेरला असेल. विहिरीचं पाणी असंल तर येते मका." मी त्या अनोळखी मिश्राजींच्या मुलांची कितीतरी दिवस मनातल्या मनात माफी मागत होतो. उन्हात हत्ती शोधणारी दोन लहान मुलं मला सारखी दिसत.

बारावीत मी नापास झालो. (गणितात. हत्तीचं पान मागेच होतं.) घरात दोन दिवस माझ्याशी कोणी बोलत नव्हतं आणि मीही कोणाशी बोलत नव्हतो. त्याच आठवड्यात नागपूरला जायचं ठरलेलं होतं. गाडीत सगळे मुके. लखनादौन गेलं, आणि काका नेहमीच्याच आवाजात म्हणाले, "मुन्ना, वर्दी." मी गप्प. "अबे, हत्ती नापास झाला काय?" आई तोंडाला पदर लावून हसली, बाबा हसले, आणि मला बोलावं लागलं. दोन दिवसांनी माझ्या तोंडातून निघालेले पहिले शब्द असे होते : "त्याच्या पाठीवर एक म्हातारा बसून बिडी ओढतोय." पुढच्या वर्षी पास झालो. श्रेय मास्तरांनी घेतलं.

मी नोकरीला नागपुरात आलो, आई-बाबा गेले, फियाट गेली. पुढे त्या रस्त्याचं चौपदरीकरण झालं आणि तेव्हा मला हत्तीपासून सुटायची सोन्यासारखी संधी चालून आली. "काका, रुंदीकरणात हत्ती काढला हो," एवढं म्हटलं की झालं. कोणी विचारणार नव्हतं, कोणाला पुरावा द्यायचा नव्हता. माझ्या गाडीतून काका-काकूंना घेऊन निघालो तेव्हा मी हे वाक्य घोकूनच बसलो होतो. पण झालं असं की तिलवाऱ्याला नव्या पुलावरून गाडी गेली आणि काका काहीच बोलले नाहीत. टायर पोकळ वाजलेच नाहीत. धूम्याला गाडी चढली कधी, उतरली कधी, कळलं नाही. "धूमा गेलं का?" त्यांनी विचारलं. आयुष्यात पहिल्यांदा ते त्यांच्या हद्दीतली वर्दी दुसऱ्याकडे मागत होते. मी सांगत गेलो : ती कडेची मोठी झाडं कापली, इथला चहावाला उठला, गावं सगळी बायपासच्या खाली गेली, घाटात तर आता रस्ताच उचलून घेतलाय, खालून जनावरं जातात नि वरून आपण. "म्हणजे आता वर्दी वाघांनी द्यायची," काका म्हणाले. पण थाप मारली नाही. हात मांडीवर नुसता पडून होता. थोड्या वेळानं, अगदी हलक्या आवाजात, "अन् हत्ती?"

घोकलेलं वाक्य तोंडाशी आलं होतं...

"आहे की," मी म्हटलं. "रस्ता त्याला वळसा घालून गेलाय. इंजिनिअर म्हणाला, याला हलवायचं नाही."

काका इतके हसले की त्यांना ठसका लागला. मागून काकूनं पाण्याची बाटली दिली, पाठ थोपटली. डोळे पुसत म्हणाले, "काय इंजिनिअर आहे बे!" मी मनात म्हटलं, मुन्ना, तू नरकात जाणार.

तीच त्यांची माझ्याबरोबरची शेवटची खेप ठरली. त्यानंतर गुडघे गेले, प्रवास संपले. मी जबलपूरला जाई, पलंगाशेजारी बसे, आज सांगूच म्हणून सुरुवात करी, "काका, तुम्हाला एक सांगायचं होतं..." की ते म्हणत, "येताना हत्ती दिसला ना? मग झालं. बाकीचं सांगू नको." मला वाटे, म्हाताऱ्याचा जीव त्या एका गोष्टीत आहे, तो काढून कसा घ्यायचा? आता वाटतं, हा विचार थोर वगैरे नव्हता. मला भीती वाटत होती, एवढंच.

गेल्या आठवड्यात काकूला महिनाभर नागपूरला आणायचं म्हणून मी गेलो. काकांच्या खोलीत सगळं जिथल्या तिथे होतं. लँडलाइन केव्हाची कापलेली, पण तो काळा जड फोन टेबलावर तसाच, कारण काकांना त्याला हात लागलेला बरा वाटे. काकू जुनी बिलं चाळून फाडत होती. मी दारातल्या खुर्चीवर बसलो आणि सगळं ओकून टाकलं. हत्ती, वही, ताईची खिडकी, मका, मिश्राजींची मुलं, इंजिनिअर. म्हटलं, "काकू, मी त्यांना बेचाळीस वर्षं फसवलं. दिसत नव्हतं त्यांना, अन् मी..."

काकूनं बिल फाडायचं थांबवलं नाही. "कोणता हत्ती म्हणते तू? हा?"

आणि कागदांवरचा दगड उचलून तिनं माझ्या हातात दिला.

नर्मदेकाठी भेडाघाटला संगमरवराचे मिळतात तसला, मुठीत मावणारा पांढरा हत्ती. डावा कान फुटलेला. सोंड खाली, उजव्या पायाला चिकटलेली. पाठीवर झूल, आणि झुलीवर, हातांनी झिजून झिजून जेमतेम अंगठ्याला लागेल असं एक फूल. मी पाकळ्या मोजल्या. चार.

"लग्न झाल्यावर पहिल्यांदा फिरायला गेलो होतो ना भेडाघाटले, तेव्हा घेतला होता त्यांनी," काकू सांगत होती. "परत येता येता माझ्याच हातून पडला अन् कान गेला. तेव्हापासून हातात असायचा त्यांच्या. तू रोज पाहायचा लहानपणी. नागपूरले पोचलो त्या दिवशी हसून हसून मला सांगितलं, म्हणे, पोरगा माझाच हत्ती मला दाखवून राहिला होता! अन् सोंड म्हणे पायाला चिकटलेली. अरे, लहान हत्तीची सोंड सुटी ठेवली तर तुटते म्हणून कारागीर ती चिकटवून ठेवते. गाडीएवढ्या हत्तीची काहून चिकटवंल कोणी? तुझे बाबा बोलणार होते, तर यांनी गुडघा दाबला त्यांचा."

"मग मिश्राजी?"

"कोण मिश्राजी? त्यांच्या ऑफिसात मिश्रा नव्हताच कोणी."

जबलपुरात एकही मिश्रा नसलेलं सरकारी ऑफिस! एवढ्यावरूनच मला शंका यायला हवी होती. इतके दिवस मी ज्या मुलांची माफी मागत होतो, ती मुलंही दगडाचीच निघाली. मी पगारी खोटारड्यापुढे हौशी होतो.

"पण मग सांगितलं काहून नाही त्यांनी मला?"

काकूनं पहिल्यांदा हातातलं काम थांबवलं. "मीपण विचारलं होतं. म्हणे, रस्ता मला सगळेच उरकून सांगतात. पूल आला, गाव गेलं. तूपण तसाच सांगायचा. फक्त हत्तीशी थांबायचा. तेवढा वेळ त्यांना दिसल्यासारखं वाटे म्हणे." मग लगेच पुन्हा बिलं ओढून घेतली. "आता रडून नको राहू. सामान ठेव गाडीत. अन् सिवनीले सीताफळं घ्यायची आहेत. आता सगळे बायपासनं वरच्या वर निघून जातात. फाट्यावर आठवणीनं वळशील."

काकू पुढे बसली, काकांच्या जागेवर. हत्ती मी समोर डॅशबोर्डवर ठेवला, घसरू नये म्हणून खाली रुमाल. लखनादौन गेलं आणि जिथे गेली बेचाळीस वर्षं माझा हत्ती उभा होता, तिथे मी गाडी हळू करून पहिल्यांदाच खरोखर पाहिलं. डाव्या हाताला एक बसका काळा खडक होता. त्यावर कोणीतरी लाल मिरच्या वाळत घातल्या होत्या. शेजारी हातपंप, हातपंपाला टेकवलेली सायकल, तिच्या दोन्ही बाजूंना दुधाचे डबे आणि एका डब्यावर बसलेला कोतवाल पक्षी, शेपटी दुभंगलेली. इतकं सगळं तिथे होतं. बहुधा कायमच काही ना काही होतं... मी बोलायला लागलो. आधी पुटपुटत, मग मोठ्यानं. वैनगंगेचा पूल आला तेव्हा पाणी किती ते सांगितलं, तीन बायका धुणं धुताहेत, त्यातली एक नुसतीच बसलीय ते सांगितलं. पुढचा पळस, त्याखालची मेंढरं, मेंढरांतली एकच काळी, आकाशातला एक ढग. मजा वाटत होती. किती वेळ सांगत होतो कोण जाणे. मधेच हत्तीकडे नजर टाकून, मांडीवर थाप पडेल की काय असं वाटून, मी थांबलो.

काकूनं माझ्याकडे पाहिलं, मग मागच्या काचेतून मागे पाहिलं.

"मला डोळे आहेत मुन्ना," ती म्हणाली. "तुलाच नाहीत. सिवनीचा फाटा मागे गेला."